कॉम्प्लेक्स सिस्टिम्स शिकायच्या आहेत? एका साथीपासून सुरुवात करा

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद सरकारदरबारी झालेली होती. १९२७ साली एडिनबरातल्या दोन संशोधकांनी ते आकडे समोर ठेवले आणि त्यांवर एक समीकरण बसवलं. एक होते विल्यम केरमॅक, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. दुसरे अँडरसन मॅकेंड्रिक, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करून मायदेशी परतलेले डॉक्टर. त्यांच्या आलेखात आठवड्याचे मृत्यू हळूहळू चढतात, सतराव्या आठवड्याच्या सुमाराला ८९० च्या घरात पोचतात आणि चढले तसेच उतरतात. कोविडच्या काळात आपण रोज बातम्यांत पाहत होतो त्या साथीच्या मॉडेलांचं मूळ या कामात आहे.

आलेखाचा हा आकार कुणी ठरवून दिलेला नव्हता. चाळीतल्या कुणाही एका माणसाच्या वागण्यात तो दिसला नसता. लाखो माणसं एकमेकांच्या आसपास राहतात, एका घरातलं दुखणं दुसऱ्या घरात पोचतं, आणि त्या सगळ्या देवाणघेवाणीतून संपूर्ण शहराचा म्हणून एक आकार उभा राहतो. सुटे भाग पुष्कळ, त्यांचं एकमेकांशी सतत काहीतरी चाललेलं, आणि त्यातून एकट्या भागात नसलेलं असं काहीतरी संपूर्णात दिसणं: कॉम्प्लेक्स सिस्टिम, मराठीत जटिल प्रणाली, म्हणतात ती हीच. मान्सून, विजेचं जाळं, शेअर बाजार, मुंग्यांचं वारूळ, मेंदू, शहरातली रहदारी, सगळी याच कुळातली. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच अभ्यासाला मिळालं. अर्धं इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जियो परिसी यांना, उरलेलं हवामानाची मॉडेलं उभारणाऱ्या स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना.

बारावीनंतरचे विद्यार्थी, बीएस्सी-इंजिनिअरिंग करणारे, आणि नोकरीत असून या विषयाकडे वळू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी एक प्रणाली निवडा

या विषयात शिरणारे बहुतेक जण ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ या विचाराने भारावून येतात. भारावणं रास्तच आहे, पण तेवढ्यावर काम होत नाही. या क्षेत्रात टिकलेली माणसं पाहिली तर प्रत्येकाचा एक घरचा विषय असतो. कुणी हवामानाचा, कुणी साथीच्या रोगांचा, कुणी बँकांचा, कुणी गांधीलमाश्यांचा. गणिताची हत्यारं सगळ्यांची सारखी, पण ती चालवायची जमीन ज्याची त्याची. म्हणून पहिला निर्णय हा घ्या: पुढची दोन-तीन वर्षं कुठल्या एका प्रणालीबद्दल तुम्ही कंटाळा न करता वाचू शकाल?

गिल्बर्ट वॉकर यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९०४ ते १९२४ या काळात ते भारताच्या वेधशाळांचे प्रमुख होते. मूळचे गणिती, हवामानाचा अनुभव नाही. पण ‘यंदा पाऊस कसा होईल’ हा एकच प्रश्न त्यांनी धरून ठेवला, जगभरच्या ठाण्यांवरचे हवेच्या दाबाचे आकडे तपासले, आणि त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा दाबाचा हेलकावा त्यांच्या हाती लागला. आज आपण एल निनोबरोबर ज्याचा उल्लेख करतो तो हाच सदर्न ऑसिलेशन. इतक्या दूरचे धागे हाती आले, कारण प्रश्न जवळचा आणि ठरलेला होता.

पहिला महिना: कागद, पेन आणि एक्सेल

कोडिंग येत नसेल तरी थांबू नका. तीन छोटे प्रयोग करा आणि ते स्वतःच्या हाताने करा. वाचून समजल्यासारखं वाटतं, पण बोटांतून गेल्याशिवाय ते मुरत नाही.

पहिला प्रयोग देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय कापरेकरांचा. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा. १९०५ घेतलं तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. एकदा ६१७४ आलं की तेच येत राहतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. ही काही जटिल प्रणाली नव्हे. पण एकच नियम पुन्हा पुन्हा लावत राहिलं तर काय होतं, आणि सगळ्या वाटा जिथे येऊन मिळतात असा स्थिर बिंदू म्हणजे काय, हे यातून पक्कं कळतं. पुढे पुस्तकांत ‘अट्रॅक्टर’ हा शब्द भेटेल तेव्हा ६१७४ आठवा.

दुसरा प्रयोग लॉजिस्टिक मॅपचा. जीवशास्त्रात गणित आणणाऱ्या रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये त्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. यंदाची कीटकसंख्या क्ष, शून्य ते एकच्या दरम्यान. पुढच्या वर्षीची संख्या = र × क्ष × (१ − क्ष). यातला र म्हणजे वाढीचा दर. एक्सेलमध्ये पहिल्या सेलमध्ये ०.४ टाका, खालच्या सेलमध्ये सूत्र लिहा आणि शंभर ओळी खाली ओढा. र २.८ ठेवला तर आकडा ०.६४३ पाशी स्थिरावतो. ३.२ केला की ०.५१३ आणि ०.७९९ या दोन आकड्यांत आलटून पालटून फिरतो. ३.५ ला चार आकडे. ३.९ ला कुठलाच क्रम दिसत नाही. आता शेजारच्या रकान्यात तेच सूत्र, पण सुरुवात ०.४००१ पासून. सुरुवातीला दोन्ही रकाने हातात हात घालून चालतात आणि वीसेक ओळींत त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. नियम पूर्ण ठाऊक असूनही लांबचं भाकीत का करता येत नाही, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये हवामानाच्या गणितात हेच दिसलं होतं. ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकलं आणि पुढचं सगळं हवामान वेगळं निघालं.

तिसरा प्रयोग साथीचा, आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या. तीन रकाने करा: आजार अजून न झालेले, सध्या आजारी, आणि त्यातून बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा दगावलेले. एकूण लोक १ लाख, आजारी १०. रोजचे नवे आजारी = ०.४ × न झालेले × आजारी ÷ १ लाख. रोज बाहेर पडणारे = ०.२ × आजारी. दर ओळीत नवे आजारी पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात आणि बाहेर पडणारे दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवा. दीडशे ओळी ओढा आणि आलेख काढा. लाट येते, जाते, आणि शेवटी सुमारे ८० टक्के लोकांना आजार होऊन गेलेला असतो. उरलेल्या २० टक्क्यांना काहीच झालेलं नसतं, आणि तरीही साथ थांबलेली असते. का थांबली? सगळे संपले म्हणून नव्हे, तर आजाऱ्याला नवा माणूस भेटेनासा झाला म्हणून. आता ०.४ च्या जागी ०.३ टाका. बाधितांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास येतं. ०.२ टाकलं की लाटच येत नाही. संपर्क थोडा कमी झाला तर आजार त्याच प्रमाणात थोडा कमी होईल, असं आपलं मन सांगत असतं. प्रणाली तसं वागत नाही, तिला एक उंबरठा असतो. तो स्वतःच्या शीटमध्ये पाहिला की या विषयाची खरी ओढ लागते.

दुसरा टप्पा: नेटलोगो, मग पायथन

नेटलोगो हे मोफत सॉफ्टवेअर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलं. यात एकेक माणूस, झाड किंवा गाडी स्वतंत्रपणे वागते आणि पडद्यावर सगळ्यांचं मिळून काय होतं ते दिसतं. सोबत तयार मॉडेलांचं ग्रंथालय येतं. त्यातलं जंगलाच्या वणव्याचं मॉडेल आधी उघडा. झाडांची दाटी ५५ टक्के ठेवा, आग थोडी पसरून विझते. ६५ टक्के ठेवा, जंगल या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटतं. सगळा बदल ५९ टक्क्यांच्या आसपास होतो. साथीत दिसला तसाच हा दुसरा उंबरठा. मग साध्या रहदारीचं मॉडेल पाहा: अपघात नाही, सिग्नल नाही, तरी कोंडी होते. गाड्या पुढे जात असतात आणि कोंडी मात्र मागे मागे सरकते.

तयार मॉडेल चालवून थांबू नका. त्यातला एक नियम बदला, काय होईल ते आधी वहीत लिहा आणि मग चालवा. अंदाज चुकतो तिथेच शिक्षण होतं.

यानंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. सगळी भाषा शिकत बसण्याची गरज नाही. आकडेमोडीला नंपाय, आलेखाला मॅटप्लॉटलिब, जाळ्यांच्या अभ्यासाला नेटवर्कएक्स, आणि नेटलोगोसारखी मॉडेलं लिहायला मेसा. एवढ्या शिदोरीवर एमएस्सीच्या प्रकल्पापर्यंत निभावतं.

गणित किती लागतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता आणि संख्याशास्त्र, या चार गोष्टी पक्क्या हव्यात. त्यांना पळवाट नाही. ग्राफ थिअरी, म्हणजे जाळ्यांचं गणित, लागेल तशी शिकता येते. कला किंवा वाणिज्य शाखेतून येणाऱ्यांनी संख्याशास्त्रापासून सुरुवात करावी. तिथून बाकीच्याकडे जाणं सोपं पडतं.

शिकायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेतली सांता फे इन्स्टिट्यूट १९८४ पासून याच विषयासाठी उभी आहे. तिच्या ‘कॉम्प्लेक्सिटी एक्स्प्लोरर’ या संकेतस्थळावर मेलनी मिचेल यांचा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहे. सुरुवातीला तोच करा. पुढे कॉर्नेलच्या स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांच्या नॉनलिनिअर डायनॅमिक्सच्या वर्गाचं चित्रीकरण यूट्यूबवर आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासचे व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं आहेत, आणि जाळ्यांच्या अभ्यासावर इतर आयआयटींचे अभ्यासक्रमही. एका वेळी एकच धरा आणि त्यातली गणितं सोडवा.

खऱ्या आकड्यांशी गाठ घाला

आता मुंबईच्या प्लेगकडे परत जाऊ, कारण महत्त्वाचा धडा अजून बाकी आहे. केरमॅक-मॅकेंड्रिक यांची रेषा आकड्यांवर सुरेख बसली. पण त्या मॉडेलमध्ये आजार माणसाकडून माणसाकडे जातो. मुंबईत आलेला गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. शिवाय तो १८९६ पासून वर्षामागून वर्षं येत राहिला, ठरावीक हंगामात वाढायचा आणि उन्हाळा-पावसाळ्यात ओसरायचा. म्हणजे लाट उतरली ती माणसं ‘संपल्यामुळे’ की हवा बदलल्यामुळे, हे त्या एका आलेखावरून सांगता येत नाही. दोन वेगळ्या कारणांतून एकाच आकाराची रेषा निघू शकते. मॉडेल आकड्यांशी जुळलं म्हणून त्यामागचं कारणही खरं ठरत नाही.

माझ्या मते या क्षेत्रातला चांगला आणि कच्चा अभ्यासक यांच्यातला फरक इथे दिसतो. कच्चा अभ्यासक रेषा जुळली की थांबतो. चांगला विचारतो: हाच आलेख आणखी कशातून येईल? त्या दोन शक्यतांत फरक करायला मला कुठला आकडा लागेल? उंदरांच्या मृत्यूची नोंद? महिन्यांचं तापमान? हे प्रश्न विचारायला घरचा विषय यावा लागतो, आणि एक प्रणाली नीट निवडा हा आग्रह त्याचसाठी आहे.

तुमचा पहिला प्रकल्प असाच बेताचा ठेवा. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी, एसटीच्या मार्गांचं जाळं, बाजार समितीतले कांद्याचे भाव, असं काहीतरी जिथे आकडे मिळतात आणि ज्यातलं तुम्हाला थोडंफार कळतं. एक प्रश्न, एक मॉडेल, आणि ते कुठे फसतं याचं प्रामाणिक टिपण. पाच-सहा पानं पुरेत. कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे दुसऱ्याला ते चालवून पाहता येईल.

पदवी कुठली, परीक्षा कुठल्या

भारतात ‘कॉम्प्लेक्स सिस्टिम्स’ या नावाची पदवी शोधत बसू नका. भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, जीवशास्त्र किंवा गणितासह अर्थशास्त्र, यांतून कुठूनही वाट जाते. बारावीनंतर आयसर पुण्यासारख्या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांसाठी आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सी करणाऱ्यांना जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आयआयटीतल्या एमएस्सीचं दार उघडते. ही संधी आपल्याकडे पुष्कळांना उशिरा कळते, म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच तयारीला लागा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सायंटिफिक कम्प्युटिंग, मॉडेलिंग आणि सिम्युलेशन यांचा स्वतंत्र विभाग आहे, तोही पाहून ठेवा.

पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, गेट आणि जेस्ट या परीक्षा. २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या वर्षांतल्या शिष्यवृत्तीधारकाला, दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. घरी हा प्रश्न हमखास निघतो, तेव्हा आकडा माहीत असावा. या विषयात काम चालतं अशा जागा: चेन्नईची आयएमएस्सी (गणितीय विज्ञान संस्था), बेंगळुरूची आयसीटीएस (सैद्धांतिक विज्ञानाचं केंद्र) आणि आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था), मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्याचं आयसर, आणि मान्सूनसाठी पुण्यातल्याच पाषाणची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था). आयआयएस्सीतलं परिसरशास्त्राचं केंद्र माधव गाडगीळ यांनी उभं केलं. फर्ग्युसनमध्ये शिकून पुढे हार्वर्डला गेलेल्या गाडगीळांची सुरुवातही गणिती परिसरशास्त्रातूनच झाली होती.

परदेशात जायचं तर जर्मनीत ड्रेस्डेनची जटिल प्रणालींवर काम करणारी माक्स प्लांक संस्था, व्हिएन्नाचं कॉम्प्लेक्सिटी सायन्स हब आणि अमेरिकेतलं व्हर्मॉन्ट विद्यापीठ ही नावं लक्षात ठेवा. पैशाची अडचण असेल तर पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेला स्थापन केलेल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या केंद्राचा पदव्युत्तर डिप्लोमा नक्की पाहा. तो विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि खर्च संस्था करते.

नोकरी कुठे मिळते

जाहिरातीत ‘कॉम्प्लेक्स सिस्टिम्स सायंटिस्ट’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. मॉडेलिंग, सिम्युलेशन, ऑपरेशन्स रिसर्च, रिस्क, नेटवर्क अ‍ॅनालिसिस, क्वांट (वित्तक्षेत्रातलं गणिती काम), डेटा सायंटिस्ट या शब्दांनी शोधा.

विजेचं क्षेत्र घ्या. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड एकापाठोपाठ कोसळली आणि साठ कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या, दोन्ही बिघाडांत बिना-ग्वाल्हेर वाहिनी सुरुवातीलाच बंद पडली होती. एका वाहिनीचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर, अशी ती साखळी. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईने याचा लहान अवतार पाहिला, लोकल जागच्या जागी थांबल्या. हे टाळण्याचं काम लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या केंद्रात, अहोरात्र चालतं. पश्चिम विभागाचं मुंबईत आहे, राज्याचं ऐरोलीला. सौर आणि पवन वीज वाढत चालली आहे तसा हा प्रश्न आणखी अवघड होतो आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरला जाळ्यांचं गणित येत असेल तर इथे त्याची फार गरज आहे.

दुसरं क्षेत्र बँकांचं, ज्याकडे आपले विद्यार्थी फारसे पाहत नाहीत. रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट काढते. एक बँक बुडाली तर तिच्याबरोबर आणखी कुणाला धक्का बसेल, याचं जाळ्याच्या गणिताने केलेलं विश्लेषण त्यात असतं. अहवाल मोफत आहे, एकदा वाचा. संख्याशास्त्रातल्या पदव्युत्तरांसाठी रिझर्व्ह बँक स्वतंत्र अधिकारी भरती करते, आणि यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहेच.

हवामानात आयआयटीएम आणि हवामान खातं. खासगीत विमा कंपन्यांसाठी पूर-वादळाच्या नुकसानीचा अंदाज बांधणारे गट, मालवाहतूक आणि गोदामांचं नियोजन, शहरी वाहतुकीचे सल्लागार, औषध कंपन्या. पगार खासगीत जास्त, स्वतःचा प्रश्न निवडायची मोकळीक संशोधनात जास्त. नोकरी करता करता वळणाऱ्यांनी नोकरी सोडू नये. आहात त्या क्षेत्रातलीच प्रणाली निवडा. कारखान्यातला इंजिनिअर आपल्या उत्पादन साखळीचं मॉडेल इतर कुणाहीपेक्षा चांगलं करू शकतो, कारण आकडे कुठे खोटे बोलतात ते त्याला ठाऊक असतं.

पहिली मेल

संशोधकांकडे उन्हाळी प्रकल्पासाठी लिहायला संकोच करू नका. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात. तिच्यासाठी पावसाळा संपला की संकेतस्थळ पाहायला लागा. थेट लिहीत असाल तर मेल दहा ओळींपेक्षा मोठी नको. ‘मला आपल्या संशोधनात अतिशय रस आहे’ हे वाक्य गाळा. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं कुठलं चित्र तुम्ही स्वतः पुन्हा काढून पाहिलं, तुमचं उत्तर कुठे वेगळं आलं आणि त्याबद्दल तुमचा एक प्रश्न काय आहे, ते लिहा. खाली तुमच्या कोडचा दुवा द्या. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. गुणपत्रिका त्यांनी मागितली की पाठवा, आधी नको.